सात नद्या आणि साठ पेसो

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेली माती. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. ही वही कोणाच्या हाती लागली तर त्यानं ऱ्हस्व-दीर्घाला माफ करावं, आणि अक्षर लागलं नाही तर पान उलटावं. मला हे कोणाला दाखवायचं नाही. पण ते पाच दिवस डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहिते.

माझी लेक आणि जावई अमेरिकेत नोकरीला आहेत. मागच्या हिवाळ्यात सुट्टी मिळाली तेव्हा त्यांनी शेजारच्या मेक्सिको देशात भाड्याची गाडी घेऊन फिरायचं ठरवलं. मी आमच्या मोहल्ल्यात, लोधीपुऱ्यात, कोणाला बोलले नव्हते, तरी शेजारणीला कळलं. म्हणाली, "बाई गं, तिकडे गाड्या अडवतात म्हणे. माझ्या भाच्यानं मोबाईलवर पाहिलं." झालं. त्या दिवशी माझ्या दोन भाकरी तव्यावरच करपल्या.

लेकीनं फोनवर समजावलं. "आई, टेन्शन नको घेऊ. आमचे नियम आहेत. अंधार पडायच्या आत मुक्कामावर. फुकटचा रस्ता डोंगरातून जातो, तो घ्यायचा नाही, टोलचाच घ्यायचा. टाकी अर्ध्याखाली येऊ द्यायची नाही. पंपावर आधी काटा शून्यावर आहे का बघायचं. आणि आम्ही कुठे आहोत ते तुला मोबाईलवर दिसेल, निळा ठिपका."

"आणि नद्या?" मी विचारलं.

"नद्यांचं काय?"

"पूल आला की नाणं टाकायचं."

तापीच्या पुलावर बस आली की आमच्याकडे खिडक्यांतून हात बाहेर येतात. माझी आई नाणं कपाळाला लावून टाकायची आणि म्हणायची, नदीनं वाट दिली, तिचं तिला द्यावं. आणखी एक सांगायची, उसन्या पैशानं दिलेलं नदीला पोचत नाही.

लेक हसली. "बरं, टाकते. कोणतं टाकू?"

"मोठं टाक. तापीला आता रुपया कोण टाकतं? पाचाचंच टाकतात."

मी हे बोलले, हे मुद्दाम लिहून ठेवते.

पहिले तीन दिवस बरे गेले. तिचा निरोप यायचा, "नदी आली, टाकलं." तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. मी चारला उठून मोबाईल घेऊन ओट्याशी बसायची. ठिपका पुढे सरकला की चहा ठेवायचा, असं माझं मीच ठरवलं होतं.

चौथ्या दिवशी ठिपका थांबला. आधी वाटलं पेट्रोल घेत असतील. मग वाटलं जेवत असतील. पण तिकडे सूर्य बुडायला तासभरच उरला होता, आणि जेवायला थांबणं त्यांच्या नियमात नव्हतं. मी ओट्यापासून दारापर्यंत गेले, परत आले. मोबाईल बंद करून चालू केला. ठिपका तिथेच.

आमचे हे उठले. "काय करू राहिली एवढ्या पहाटे?"

"ठिपका हलत नाही."

"तो पण थकत असेल. चहा मांड."

"चहा नाही. ठिपका हलला की चहा."

"म्हणजे मेक्सिकोचा ट्रॅफिक सुटेपर्यंत मी उपाशी?"

अर्धा तास झाला तेव्हा मी फोन लावला. गाडी चालू असताना फोन करायचा नाही असं लेकीनं बजावलं होतं, पण गाडी चालू कुठे होती? उचलला जावयांनी. "आई, जरा टोलवर अडकलोय..." जावयांशी बोलताना माझी जीभ टाळूला चिकटते. "बरं बरं" म्हणून मी ठेवून दिला.

"काय म्हणाले?"

"अडकले म्हणे."

"कशात? विचारायचं ना!"

विचारायला हवं होतं. परत लावायचा धीर मात्र झाला नाही. मी मोबाईल ह्यांच्या हातात दिला, ह्यांनी तो माझ्या हातात दिला. तेवढ्यात ठिपका हलला. मी चहा ठेवला आणि तो उतू गेला.

मुक्कामाला पोचल्यावर लेकीचा फोन आला. "आई, तुझ्या नद्यांनी अडवलं गं."

त्या टोलवर कार्ड चालत नव्हतं, रोखच पैसे लागत होते. पाकीट झाडून, चिल्लर मोजूनही साठ पेसो, म्हणजे तिकडचे रुपये, कमी पडले. टोलवरचा माणूस म्हणाला, मागे वळा आणि फुकटच्या रस्त्यानं जा. म्हणजे तोच डोंगर, आणि वर अंधार. लेकीनं तोवर सात नद्यांना दहाचं एकेक नाणं दिलं होतं. मी मोठं टाक म्हटलं होतं, आणि तिच्याजवळ दहाचंच मोठं होतं. ते सत्तर पेसो पाण्यात नसते तर ती दोघं तिथे थांबलीच नसती.

मागच्या गाडीतली एक बाई हॉर्न वाजवून वाजवून शेवटी खाली उतरली आणि साठ पेसो देऊन मोकळी झाली. पुढच्या गावात तिची खाणावळ होती, मक्याच्या भाकरीची. उद्या द्या, असं खुणेनं सांगून गेली.

मागून जावयांचा आवाज आला, "आई, यापुढे नदीचं नाणं थेट टोलवाल्यालाच देतो!" सगळे हसले. मी नाही हसले.

दुसऱ्या दिवशी खाणावळ बंद होती. पुढचं हॉटेल ठरलेलं, म्हणून ती दोघं निघून गेली. येताना त्याच रस्त्यानं यायचं होतं, तेव्हा देऊ, असं लेक म्हणाली. म्हणजे पाच दिवस.

माझ्या मनात आईचं बोलणं फिरू लागलं. त्या साठ पेसोंवर गाडी पुढे गेली होती. नदीला दिलेलंही आता उसनंच झालं होतं. पोचलं नव्हतं. लेक त्या रस्त्यांवर अशीच, कोणाच्या राखणीशिवाय फिरत होती. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुझ्या तापीमायचा हिशोब मेक्सिकोत कोण लिहितं?" मी रोज विचारायची, दिले का? लेक म्हणायची, "अगं आई, अजून तिथे पोचलोच नाही." मी तापीच्या राजघाटावर गेले, नाणं मुठीत धरलं आणि तसंच घरी आणलं. आधी लेकीचं उसनं फिटू दे म्हटलं.

ते पाच दिवस सरले आणि पहाटे फोन आला. "दिले, आई. पन्नास घेतले तिनं. दहा सोडून दिले, म्हणाली राहू दे."

"राहू कसे देईल? परत जा."

"आई, पाच किलोमीटर पुढे आलोय. अजून उजेड आहे म्हणून काय..."

"उजेड आहे म्हणूनच जा."

तिकडे फोन स्पीकरवर होता. मग जावई म्हणाले, "वळवतो, आई." मी त्यांना "हो, वळवा" म्हटलं. जावयांशी पहिल्यांदाच असं सरळ बोलले.

ठिपका मागे जाताना मी पहिल्यांदा पाहिला. अर्ध्या तासानं फोटो आला. खाणावळीचं टेबल, भाकरीची रिकामी ताटली, आणि ताटलीच्या कडेला दहाचं नाणं. खाली लेकीनं लिहिलं होतं, "तिनं उचललं. साठच्या साठ फिटले."