आवडाबाईंच्या दारातली रांगोळी

आवडाबाई गेल्या, ही बातमी सकाळचा चहा उकळायच्या आत सिडकोतल्या गल्लीतून निघून त्यांच्या माहेरी पाचोडला पोहोचली आणि तिथून पुण्याला. पोहोचली नव्हती ती एकट्या आवडाबाईंपर्यंत. कारण त्या मागच्या रस्त्यावर टँकरच्या रांगेत, पुढ्यात दोन घागरी घेऊन, धडधाकट उभ्या होत्या.

घोळ झाला तो रांगोळीमुळं. नवरा गेल्यापासून आवडाबाई घरात एकट्याच. मुलगा काकासाहेब पुण्याला. तो दर दिवाळीला "आई, चल आता" म्हणायचा आणि त्या दर दिवाळीला चार करंज्या जास्त बांधून त्याला वाटेला लावायच्या. शेवटी त्यानं निर्वाणीचं सांगितलं, "एकटी राहा. पण रोज सकाळी तू उठलीस, हे कुणाला तरी कळलं पाहिजे. नाहीतर मी तुला घेऊनच जाणार."

फोनचा त्यांना कंटाळा. शेजारच्या चतुराबाईकडं चावी द्यावी, तर ती डब्यांची झाकणं उघडून बघणार, ही खात्री. मग त्यांनीच तोड काढली: सातच्या आत दारात रांगोळी दिसली, की आवडाबाई ठीक. नाही दिसली, तर गल्लीनं धावायचं.

बरेच दिवस सुरळीत चाललं. गल्लीला नुसती तब्येत नाही, तर मिजाजसुद्धा कळायला लागला. सुनेशी फोनवर वाजलं, की ठिपके हमखास वाकडे.

त्या उन्हाळ्यात मात्र नळाचा दिवस चुकला आणि त्याच्या पुढचाही चुकला. पिंपाचा तळ दिसायला लागला. सड्यापुरतंही पाणी उरलं नाही. आता कोरड्या धुळीत रांगोळी घालणं म्हणजे आंघोळीवाचून गंध लावणं! ते काही आवडाबाईंच्या हातून होईना. टँकरचा भोंगा ऐकला, तशा घागरी उचलून त्या मागच्या दारानं सटकल्या. पुढचं दार आतून लावलेलंच.

सात वाजले. "अगं बाई, रांगोळी नाय! मावशी गेल्या की वो!" चतुराबाईनं हंबरडा फोडला आणि त्याच दमात पाचोडला फोनही लावला. मागच्या दाराकडं जायचं कुणाला सुचलं नाही. रडायला ऐसपैस जागा पुढंच होती. फकिरा सुतार पहार घेऊन आला. दार बिजागरीसकट आत पडलं, पाठोपाठ गल्ली आत पडली. अंथरूण घडी घालून ठेवलेलं.

"जाताना बी किती टापटीप!" चतुराबाईनं डोळे पुसले.

"पण गेल्या कुठं?" फकिरानं विचारलं.

"टँकरवर," दारात घागरी टेकवत आवडाबाई म्हणाल्या. "तुमच्यातलं कुणीच आलं नाय. गेला की टँकर!"

रडून रडून घसा कोरडा पडलेल्या बायांना मग त्यांनीच एकेक पेला पाणी दिलं. चतुराबाईला जरा कमी.

दुपारी काकासाहेब पोहोचला. आईला बघून आधी रडला, मग चिडला, मग कपाटावरची बॅग खाली काढली. "बस झालं! पुण्यात घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी सोसायटी आहे. आपलं आपण राहायचं, जेवण वेळेवर, डॉक्टर दाराशी."

आवडाबाईंनी बॅग पुन्हा कपाटावर ठेवली. मग देवामागून मागच्या दाराची चावी काढून चतुराबाईच्या हातात दिली. "घे. आता डबे बघ, पण दार मोडू नको."

काकासाहेब थोडा नरमला. मोडक्या दाराकडं बघत त्यानं शेवटचा प्रयत्न केला, "आई, तिथं उशाशी घंटी असते. दाबली की लगेच माणूस येतो."

"येईल ना," आवडाबाई म्हणाल्या. "पण एकच येईल आणि दाबल्यावर येईल. इथं मी काहीच दाबलं नाय, तरी आख्खी गल्ली आली."