युरोटामांडुआ आणि आत्याचं सुतक

निवृत्तीनंतर माणसाला विश्रांती मिळते ही अफवा आहे. राजापुरात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून मी घरी बसलो, तर मुलांच्या एका मासिकाने नामशेष प्राण्यांवर लेख लिहायला लावले. युरोटामांडुआपाशी येऊन गाडी अडली. साडेचार-पाच कोटी वर्षांपूर्वीचा, जर्मनीतल्या दगडात सापडलेला, लांब तोंडाचा, बिनदातांचा, मुंग्या खाणारा प्राणी. आधी त्याला दक्षिण अमेरिकेतल्या मुंगीखाऊंत बसवलं, पण पाठीचे मणके तसे निघेनात. मग आपल्या खवले मांजराकडे ढकललं, तर अंगावर एक खवला सापडेना. संपादक म्हणत, लेखाच्या चौकटीत 'गण' हा रकाना मोकळा ठेवता येत नाही, मुलं गोंधळतात, काहीतरी एक लिहून टाका. मी थकलेला, पण हट्टी. दोन महिने फोनवर वाद घातला.

आत्या ओटीवर सुपारी कातरत हे सगळं ऐकायची. तिला नाटे गावात दिली होती. नवरा बोटीवर गेला, त्याने तिकडेच दुसरं घर केलं, आणि वर्षाच्या आत ती आमच्याकडे परत आली ती कायमची. मला तिनेच वाढवलं. एका दुपारी तिने विचारलं, ज्याच्यासाठी एवढा भांडतोस तो प्राणी आहे तरी कोण. मी सांगितलं. तिचा अडकित्ता थांबला.

"म्हंजे त्याला दोन्हीकडचे कोणच आपला म्हणत नाय," ती म्हणाली. मग अडकित्ता खाली ठेवून, "मी गेले की माझा सुतक कोण धरणार रे? तू, का नाट्याचे?"

रीत तिलाही ठाऊक होती. दिलेल्या मुलीचं पुरतं दहा दिवसांचं सुतक सासरी, माहेरी तीनच. तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी वैतागलेलो. म्हणालो, "बघू गं, आधी हा लेख संपू दे."

लेख संपला आणि पंधरवड्यात आत्या गेली. भावकीने नाट्याला फोन केला. तिच्या दिराचा नातू आला. तिचं तोंड त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि अग्नी त्याने दिला. भटजी म्हणाले तीन दिवस, भावकी म्हणाली तीन, मीही मान हलवली. भांडायला अंगात त्राण नाही, असं मी स्वतःला सांगितलं. चौथ्या दिवशी घरभर गोमूत्र शिंपडलं.

त्याच दिवशी पोस्टाने अंक आला. चौकटीत छापलं होतं, 'गण: अनिश्चित'. मला माझीच लाज वाटली. त्या हाडांसाठी दोन महिने भांडलो होतो, आणि आत्यासाठी भावकीसमोर एक शब्द काढला नव्हता.

दहाव्या दिवसापर्यंत मी देवांना शिवलो नाही. पूजा बायकोने केली. कंबर धरलीय, असं मी तिला सांगितलं. सुतक धरलंय हे ज्या एकीला कळायला हवं होतं, तिला मी 'बघू' म्हणालो होतो.