वकीलसाहेबांच्या गाडीची पांढरी गळती

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण ही फजिती आठवली की मी अजून तोंड लपवतो!

निजामाचं राज्य गेलं, आपला जिल्हा मुंबई राज्यात आला, त्या सुमाराची गोष्ट. हैदराबादेत मोटारींच्या कारखान्यात तीन वर्षं काढून मी उमरग्याला परत आलो होतो. सडकेच्या कडेला चार पत्रे ठोकले, 'मोटार दुरुस्ती' अशी पाटी लावली. दोन महिने झाले, पण गिऱ्हाईक म्हणाल तर सायकलीत हवा भरून घेणारे! मोठ्या गाड्या सरळ सोलापूर गाठायच्या. एक, फक्त एक मोठी गाडी माझ्या हातून नीट झाली तर नाव होईल. नाही झाली तर पाटी उतरवून पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली. रोज सकाळी मी एवढंच घोकत होतो.

आणि आली की हो गाडी! तीही येळवशीच्या दिवशी.

येळवस म्हणजे आपली वेळ अमावस्या. सगळं गाव शेतात. कडबा उभा करून केलेल्या कोपीत पांडवांची पूजा, मग मिसळभाजीची भज्जी, बाजरीचे उंडे आणि वर ताकातली गार आंबील. गावात उरलो होतो मी, कुत्री आणि माझी सर्दी. नाक असं चोंदलं होतं की पेट्रोल आणि गुलाबपाणी मला सारखंच!

वकीलसाहेबांची लांबलचक अमेरिकन गाडी दारात थांबली. एका जहागीरदाराकडून घेतलेली. तिला पावर स्टीअरिंग होतं, म्हणजे तेलाच्या जोरावर चाक एका बोटानं वळायचं. तालुक्यात तशी दुसरी गाडी नव्हती.

"मिस्तरी, खालून कायतरी गळायलंय बघा. माकणीला शेतात पाव्हणे बसलेत, नवे जावई हायेत. आमी गेल्याबिगर पूजा न्हाय. पावर स्टीअरिंगचं कळतं का तुम्हाला?"

"हैदराबादेत दुसरं केलं काय साहेब!"

केलं होतं ना. अशा गाड्या धुतल्या होत्या!

पुढच्या सीटवर वकीलसाहेबांच्या पत्नी, आमच्या काकू, बसल्या होत्या. पायांत पूजेचं बिंदगं, म्हणजे मातीचं लहान मडकं, त्यावर घोंगडी.

"काकू, जरा खाली उतरता का?"

"न्हाय बाबा. आमच्यात हे बिंदगं कोपीत जाईस्तोवर भुईला टेकवत न्हाईत. मी हितंच धरून बसते. तू कर तुझं काम."

मी गाडीखाली सरकलो. बघतो तर काय, स्टीअरिंगच्या नळ्यांवरून पांढरट, बुळबुळीत थेंब! टप... टप...

माझा जीव भांड्यात पडला. तेलात पाणी गेलं की ते पांढरं होतं, एवढं मला नक्की ठाऊक होतं.

"साहेब, तेलात पाणी शिरलंय! असंच गेलात तर वळणावर चाक जाम व्हायचं!"

वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. "मग?"

"खोलावं लागंल."

खरं तर आधी सगळं कोरडं पुसायचं, इंजिन चालू ठेवून चाक दोन्हीकडं वळवायचं आणि थेंब कुठून येतो ते बघायचं. पण एवढा धीर कुणाला? मी पाना लावला, नळी सोडली आणि भडाभडा तेल अंगावर! लालभडक. स्वच्छ. पाण्याचा टिपूस नाही.

इथं तरी माणसानं शहाणं व्हावं की नाही? पण डोक्यावर वकील उभा होता. मी गुपचूप नळी परत बसवली, आवळली. पांढरा थेंब... टप! अजून आवळली. टप!

"मिस्तरी, बारा वाजायला आले हो! पाव्हणे काय म्हणत्याल?"

"झालंच साहेब!"

थंडीचे दिवस, पण मला दरदरून घाम फुटला. होता नव्हता तेवढा जोर लावून पाना ओढला आणि कट्ट! जोडणीचे आटेच गेले. राहिलेलं तेलही भुईवर. हे तेल उमरग्यात मिळायचं कुठं?

'मेलो' म्हणायला मी तोंड उघडलं आणि नेमका एक पांढरा थेंब जिभेवर पडला.

आंबट. लसणाचा ठसका. जिऱ्याची चव. नाक चोंदलं होतं, जीभ नव्हती!

"सापडलं का हो?" वरून वकीलसाहेब.

माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब... मीठ जरा कमी हाय."

काकूंनी घोंगडी उचलली. "अगं बया! बिंदगं तडकलंय की! तळाला इवलीशी आंबील राहिलीय!" कुठल्यातरी खड्ड्यात दणका बसला असणार. पायाखालच्या पत्र्याला भोक होतं, त्यातून सगळी आंबील माझ्या नळ्यांवर.

वकीलसाहेबांनी भुईवरचं लाल तेल बघितलं. मग मला बघितलं.

"म्हंजे गाडीला कायच झालं न्हवतं?"

"न्हवतं साहेब. आता झालंय."

त्यांनी शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं. पण ते सरळ रस्त्याकडं वळले. येणारी बैलगाडी थांबवली, भज्जीची पातेली त्यात चढवली. काकूंनी उरलेली आंबील तांब्यात घेऊन मांडीवर धरली. मी सडकेवर मान खाली घालून उभा. लाजेनं मेल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढं हीऽऽ गर्दी! गावात नाव झालं होतं ना. सगळे नुसते बघून हसत होते. तेवढ्यात एक म्हातारी गर्दीतून पुढं आली आणि बाकड्यावर एक मडकं ठेवलं.

"मिस्तरी, ह्याला पावर न्हाय, पर गळतंय. बघता का?"

बघितलं हो! काय करता? दिवसभरात दुसरं गिऱ्हाईकच आलं नाही.