बिनमुठीचं कुलूप

कुठलंही नवं यंत्र टेबलावर आलं की आमच्या ऑफिसातले काका आधी त्याची वायर उपटत. मग खुर्चीत रेलून, आता ते काय करतं, ते बघत बसत. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. कामाला खीळ घालतो म्हणून सगळे त्याच्यावर वैतागलेले असतात.

शंकर नगरात आमचा इंटरनेटवर चालणारी कुलपं बनवायचा छोटा कारखाना आहे. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाल्यावर काका तिथे तपासनीस म्हणून आले. "तार तुटली का सिग्नल लाल होते, भैया," ते म्हणत. "तुमच्या कुलपाचं लाल कोन्तं?"

त्यांचं म्हणणं एवढंच, की नेट बंद पडलं तरी आतल्या माणसाला हाताने दार उघडता यावं. आतून एक साधी मूठ हवी. मुठीने कुलपाचा देखणेपणा जातो, आणि फोनवरून उघडतंच की, असं मी म्हणालो. सगळे हसले. बिनमुठीचा नमुना मी मंजूर केला.

आणि एक दिवस काकांनीच तसलं कुलूप घरासाठी मागितलं. काकूंचं विसरणं वाढलं होतं. ब्राह्मणपाऱ्यातल्या घरातून निघून त्या दोनदा सदर बाजारात, गाड्यांच्या गर्दीत सापडल्या होत्या. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "मूठ असली तं तुमची काकू निघून जाते. फोन राहते ना माझ्यापाशी." मी अडवायला हवं होतं. उलट, शेवटी माझंच खरं ठरलं म्हणून मनातून सुखावलो. त्याची आज लाज वाटते.

एका दुपारी आमचा सर्व्हर बंद पडला. काका औषध आणायला गेले होते. काकूंनी चहा ठेवला आणि स्वयंपाकघरातला पडदा पेटला. काका परतले तेव्हा दारातून धूर येत होता आणि फोनवरून कुलूप उघडत नव्हतं. शेजाऱ्यांनी दार फोडलं. दाराशीच पडलेल्या काकूंमध्ये जीव उरला नव्हता.

तेरवीनंतर काका ऑफिसात आले. त्यांनी दोष नोंदवायचा कोरा फॉर्म मागून घेतला आणि नीट अक्षरात भरला. दोषाच्या कारणापुढे लिहिलं, 'तपासनीसाची चूक'. चूक माझी आहे, असं मी कसंबसं म्हणालो.

"मले मालूम होतं, भैया," ते म्हणाले. "तुमाले नव्हतं."

मलाही माहीत होतं. त्यांनीच शंभरदा सांगितलं होतं.

ते गेल्यावर मी 'तपासनीसाची' खोडून तिथे माझं नाव लिहिलं. तो कागद त्यांना दाखवायला ब्राह्मणपाऱ्यात गेलो, तर काका घर सोडून गेले होते.