उरलेल्या रंगाचं विमान

घराच्या भिंतीला लावायचा रंग आणि आकाशात उडायचं विमान यांचा एकमेकांशी काही संबंध असतो, हे उभ्या बालाघाट जिल्ह्यात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि नेमका तोच माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सोयरे पारखून घेता येतात म्हणतात, पण साडू पारखायला कोणी जात नाही. तो बायकोबरोबर आंदण म्हणूनच येतो. मला मिळालेलं हे आंदण सरकारी लाकूड-डेपोत नोकरीला होतं. दिवसभर सागाच्या ओंडक्यांची मापं घ्यायची आणि उरलेला वेळ घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये विमान बांधायचं, असा त्यांचा संसार. विमान म्हणजे शोभेचं नव्हे. चांगली दोन माणसं बसतील असं. त्यातली एक जागा त्यांची होती आणि दुसरी, मला न विचारताच, माझी होती. "पहिल्या फेरीले साडभाऊ माह्या बाजूले बसतीन," असं ते लग्नाच्या पंगतीत, रेशनच्या रांगेत, कुठेही जाहीर करत.

हे वेड त्यांनी नागपूरहून आणलं. तिथल्या एका रद्दीच्या दुकानात त्यांना विलायती मासिक मिळालं. त्यात लिहिलं होतं की तिकडची हौशी माणसं घरच्या घरी विमान बांधतात, सांगाड्यावर कापड ताणतात, आणि विमानाचं खास रोगण परवडत नाही म्हणून त्यावर भिंतीचा प्लास्टिक पेंट फासतात. दुसऱ्या कोणी हे वाचून त्या पानात भजी बांधून घेतली असती. साडूंनी पान घडी करून खिशात ठेवलं आणि पुढची कित्येक वर्षं ज्याला-त्याला उलगडून दाखवलं. परवानगीचं काय, असं एकदा मी भीत भीत विचारलं, तर म्हणाले, "आधी उडू त द्या बाप्पा. उडलंच नाई त परवानगी कायची मांगायची?"

सांगाडा बांबू आणि सागाच्या पट्ट्यांचा झाला. लाकडात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. घोडं अडलं कापडाशी. आधी त्यांनी मांजरपाट ताणून त्यावर चुना मारून पाहिला. वाळल्यावर पंखाला टिचकी मारली तर चुना पापड मोडावा तसा खाली आला. मग भाताच्या पेजेची खळ दिली. धानाचा मुलूख आमचा, पेजेला काय तोटा? कापड असं कडक झालं की साडू दिवसभर गालातल्या गालात हसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांची गाय शेडमध्ये शिरून अख्खा डावा पंख चाटूनपुसून गेली, आणि जाताना टोकाचं थोडं कापडही घेऊन गेली. शेजारी माफी मागायला आले, तर साडू गायीची बाजू घेऊन म्हणाले, "तिचं काय चुकलं? ज्या पंखाले गाय खाते त्या पंखावर मी बसणार होतो."

शेवटी टेरिलीन आलं. त्या काळी टेरिलीनचा बुशशर्ट नवरदेवाच्या अंगावर दिसायचा. आमच्याकडे मात्र घरची सगळी माणसं सुती कपड्यांत आणि विमान टेरिलीनमध्ये. ऊब लागली की हे कापड आक्रसतं, म्हणून साडू कोळशाची इस्त्री घेऊन शेडमध्ये पंखांना इस्त्री करत बसायचे. स्वतःच्या सदऱ्याला त्यांनी जन्मात कधी इस्त्री केली नाही. त्यावर प्लास्टिक पेंटचा हात बसला, आणि पंख ढोलकीसारखा वाजू लागला. तेव्हापासून त्यांच्या खिशात रंगवलेल्या टेरिलीनचा एक तुकडा कायम असे. भेटेल त्याला म्हणायचे, "चुरगाळा. भिऊ नोका, चुरगाळा." समोरच्याने चुरगाळला की तो पुन्हा सपाट करून दाखवायचे: कुठे तडा नाही, कुठे पोपडा नाही. एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाच्या कोटाची बाही बोटांत धरून "हे विमानाले मस्त होईल" असं म्हटलं आणि वरबाप घटकाभर रुसून बसला. छोट्या लाईनच्या गाडीने गोंदियाला जाताना खिडकीबाहेर हात काढून, तळवा वाकडातिकडा करून ते पंखाचा अभ्यास करत. गाडी इतकी सावकाश चाले की गोंदिया आलं तरी त्यांचं समाधान होत नसे. "या गाडीत हवाच नाई," म्हणत ते हात आत घेत.

या सगळ्यात आमच्या ताईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, काय होत होतं ते आम्हालाच माहीत. ताई शेडमध्ये चहा नेऊन द्यायच्या, इस्त्रीचे कोळसे पेटवून द्यायच्या, आणि घरात येऊन देवापुढे बसायच्या. नवऱ्याला नको म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एकदा मला म्हणाल्या, "जवाईबापू, हे वर कसं जाईल ते त्याईनं मले शंभरदा समजावलं. खाली कसं येईल ते काहून नाई सांगत?" मी हसण्यावारी नेलं, पण त्या हसत नव्हत्या. ज्या दिवशी हे उडेल त्या दिवशी आपलं कुंकू पुसलं जाईल, अशी त्यांची खात्रीच झाली होती. पुढे पुढे त्यांना धड जेवणही जाईना.

मग ताईंना दिवाळीने हात दिला. दिवाळीआधी घराला रंग देणं आपल्याकडे ठरलेलंच. ताईंनी चुन्याऐवजी बैठकीला प्लास्टिक पेंटचा हट्ट धरला आणि अर्धा डबा उरला, तो घेऊन शेडमध्ये गेल्या. "सुकून जाईल. वाया काहून घालायचा? विमानाले मारून देते." साडू काय बोलणार? घराचा रंग विमानाला चालतो, हे गावभर त्यांनीच सिद्ध केलं होतं. उलट बायकोने विमानात लक्ष घातलं म्हणून ते हरखून गेले. ताईंनी पदर खोचला आणि पंखावर गुलाबी रंगाचा भरघोस हात मारला. त्या वर्षी इंजिनाचा एक भाग मिळाला नाही, पुढच्या वर्षी उड्डाणाच्या मुहूर्ताला अवकाळी पाऊस आला, आणि मधल्या प्रत्येक दिवाळीला बैठकीचा रंग उरतच गेला. गुलाबीवर पिस्ता, पिस्त्यावर आकाशी, आकाशीवर बदामी. ताई दरवेळी गरजेपेक्षा जरा जास्तच रंग आणवत, आणि दुकानदार खुशीत मोठा डबा काढून देई.

अखेर धान कापून झाल्यावर हट्टा गावच्या रस्त्याला असलेल्या साडूंच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, विमान आणलं. बांध मोडून जमीन सपाट केलेली. जुन्या मोटारसायकलीचं इंजिन भडभडू लागलं. मी दुसऱ्या जागेवर बसलो, कारण नाही म्हणण्याचं धैर्य माझ्यातही नव्हतं. बायको रडत होती. ताई बांधावर शिदोरीचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्या तोंडावर भीती नव्हती, याचं मला त्याही अवस्थेत नवल वाटलं. विमान धावलं. मी डोळे मिटले, इष्टदेवता संपल्यावर बायकोच्या माहेरच्या देवांनाही हाका मारल्या. धक्के बसत राहिले, बसतच राहिले, आणि मग सगळं मऊ झालं. मेलो असं समजून डोळे उघडले, तर आम्ही धानाच्या तणसाच्या, पेंढ्याच्या ढिगात नाक खुपसून उभे होतो. जमीन आम्ही बोटभरसुद्धा सोडली नव्हती. साडू उतरले, पंखाला टिचकी मारून ऐकलं आणि म्हणाले, "जड झालं." मग हात धुऊन जेवायला बसले. त्या दिवशीचा झुणका आणि भाकर मला जितकी गोड लागली तितकं पुढे कुठल्याही पंगतीत काही लागलं नाही. ताई सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होत्या आणि मध्येच तोंडाला पदर लावून हसत होत्या, रडतही होत्या.

जेवणं झाल्यावर ताईंकडून कळलेलं बायकोने घरी परतताना मला सांगितलं. दरवर्षी ताई रंगात पाणी न घालता तो लावत होत्या. जाड. बहिणीने बहिणीला सांगितलेलं, ते मी कोणाला सांगणार? पण तेव्हापासून माझ्या जिवाला नवा घोर लागला. एवढी वर्षं रक्त आटवून बांधलेलं विमान आपल्या बायकोने जमिनीला खिळवलं, हे या भल्या माणसाला कळलं तर काय होईल? रंगाचा विषय निघाला की मी धानाच्या भावावर यायचो. ताई मात्र दर दिवाळीला हात मारतच राहिल्या.

ताई गेल्या त्या वर्षी दिवाळी आमच्याकडे नव्हतीच. पुढच्या वर्षी मी सहज गेलो तर साडू शेडमध्ये होते. बैठक नव्याने रंगवली होती आणि उरलेला डबा पंखापाशी होता. शेडमध्ये कोंबड्या फिरत होत्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊजी, आता हा सगळा रंग खरडून काढा. हलकं झालं तर अजूनही उडेल." ते हसले. "उडलं असतं. कवाबी उडलं असतं. पण तिनं तो गुलाबी हात मारला ना, त्या दिवसापासून तिले घास गोड लागाले लागला होता." इतक्या वर्षांचं माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. यांना राग नव्हता. यांना सगळं माहीत होतं आणि राग नव्हता. डोळे पुसायला नको म्हणून मी डबा ओढला, आणि रंग फार घट्ट दिसला म्हणून तो पातळ करायला सवयीने पाण्याचा तांब्या उचलला.

"पाणी नोका टाकू, साडभाऊ," ते म्हणाले. "ती टाकत नव्हती."

मी तांब्या खाली ठेवला, दुसरा ब्रश घेतला आणि पंखाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो.