बाल्कनीतली हिवाळी चेरी

तळेगावच्या फाट्यावर नागपूरची गाडी येईपर्यंत बाबा संत्र्यांबद्दलच बोलत होते. डिसेंबर होता. बागेचं पाणी तोडलेलं होतं, पानं मलूल झाली होती. मुलगी कॅनडाला चालली आहे याबद्दल काय बोलावं हे त्यांना सुचत नसावं, मलाही सुचत नव्हतं. गाडी दिसल्यावर ते म्हणाले, "ताण देल्याबिगर झाड बहरत नाई, पोरी. तुले आता ताण बसन, मंग बहार येईन." आई माझ्या स्वेटरची वरची गुंडी लावत होती. ती म्हणाली, "तिले झाड नका करू आता."

मी बाबांचं खरं मानलं होतं. आमच्या बागेत तसंच व्हायचं. थंडीत पाणी बंद, मग जानेवारीत पहिलं पाणी, आणि काही दिवसांत सगळी बाग पांढरी. व्हँकुव्हरमध्ये मी तशा बहाराची बरीच वर्षं वाट पाहिली. एका नर्सरीच्या काउंटरवर नोकरी मिळाली, एका खोलीचं अपार्टमेंट मिळालं. आर्वीच्या कॉन्व्हेंटमधलं इंग्रजी झाडं विकायला पुरतं. कुणाच्या घरी जाऊन बसायला पुरत नाही. पण तळेगावात तरी मी कुणाच्या घरी जाऊन बसत होते कुठे?

बाबा गेले तेव्हा मी पोहोचले ती तेरवीला. बाग चुलतभावाने ठेक्याने घेतली आणि आई घरात एकटी उरली. तिला इथे आणायचं मीच ठरवलं. ती इथे रमावी, कायमची राहावी, एवढंच मला हवं होतं. ती राहिली तर या खोलीला घर म्हणता येईल असं वाटायचं. तुमच्यापैकी ज्यांनी आईवडिलांना असं आणून पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. जे मागे राहिलात ते म्हणाल, म्हातारपणी माणूस उपटून नेतात का. आई काही म्हातारी नव्हती.

ती ऑक्टोबरात आली. पहिल्याच बर्फात पायरीवर घसरली आणि मनगट दुखावून घेतलं. त्यानंतर मी तिला एकटीने बाहेर जाऊ देईना. दिवसभर हीटरजवळ बसून ती तळेगावच्या काकूंशी फोनवर बोलायची. तिला सोबत म्हणून मी नर्सरीतून एक चेरी आणली. कमरेएवढी, जरा वाकडी, कुणी न घेतलेली. ही चेरी हिवाळ्यात फुलते. सगळी पानं गळून गेल्यावर काड्यांवर फिकट गुलाबी फुलं येतात, एकदम नाही, चार आज, चार पुढच्या उबदार दिवशी. बाल्कनीतली पहिली फुलं बघून आई कितीतरी दिवसांनी हसली. "पान नाई, काई नाई, अन फुलून राह्यली," म्हणाली.

जानेवारीत कडक थंडी येणार अशी सूचना आली. मी आईला नीट समजावलं होतं. उमललेली फुलं करपतील, मिटलेल्या कळ्या वाचतील, झाडाला काही होणार नाही. लेबलवर 'हार्डी' लिहिलंय, म्हणजे काटक आहे, उणे वीसपर्यंत तग धरतं. मी कामावर गेल्यावर तिने कुंडी सतरंजीवर ठेवून ओढत आत आणली आणि हीटरशेजारी ठेवली.

"हे आत ठेवायचं नसतं, आई."

"काऊन? थंडी त्याले वाजत नाई का?"

"बाहेर राहूनच ते काटक होतं. आत ठेवलं तर नाजूक होईल."

"मंग मले काऊन आत ठेवून राह्यली?"

मी जेवायला वाढायला घेतलं.

आठवड्याभरात झाडावरची प्रत्येक कळी उमलली. हिवाळाभर पुरायचा बहार खोलीत एकदम फुटला. आईने व्हिडिओ कॉलवर अख्ख्या आळीला तो दाखवला. काकू म्हणाल्या, "तुयाच पायगुणानं फुललं वं." आई माझ्याकडे वळून म्हणाली, "राह्यतो मी इथंच. काय आहे तिथं तरी?" मी दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी चांगले बूट घेऊन आले.

मग पाकळ्या खोलीभर गळल्या आणि कोवळी, पिवळट पानं आली. त्यांना ऊन हवं, असं आईला वाटलं. एका लख्ख दुपारी तिने कुंडी परत बाहेर सरकवली. ऊन होतं, पण थंडी ओसरली नव्हती. सकाळी पानं काळी होती. झाड थंडीची सवय शरद ऋतूत हळूहळू अंगात मुरवतं. उबेत ती थोड्याच दिवसांत जाते आणि त्या हिवाळ्यात परत येत नाही. मी नखाने साल खरवडली. जिवंत फांदीत असतं तसं हिरवं खाली नव्हतं. आणखी खाली खरवडलं, मुळाजवळ. तिथेही नव्हतं.

संध्याकाळी आईने बॅग काढली. "मायं तिकीट पाय," एवढंच म्हणाली. बूट तिने एकदाही घातले नव्हते.

मार्चमध्ये ती तळेगावला पोहोचली. एप्रिलमध्येच म्हणाली, ऊन सोसत नाही. जिने आयुष्यभर भर दुपारी बागेत डबा नेला तिने बाबांच्या खोलीत कूलर बसवला आणि दार लावून घेतलं. चुलतभावाने वाळलेली संत्र्याची झाडं काढून टाकली तेही तिने काकूंकडून ऐकलं, बघायला गेली नाही. आळीतल्या बायका आता तिला पाहुणीसारखं विचारतात, परत कधी चालली. मला इथे शेजारीण विचारते, सुट्टीत घरी जाणार का. मी हो म्हणते, आणि जात नाही.

परवा फोनवर मी तिला विचारलं, "खरं सांग, तुला कुठे बरं वाटलं?"

"विमानात," ती म्हणाली. "तिथं कोणी विचारत नाई बाप्पा, कवा आली अन कवा जाशीन."

मी हसले. ती हसली नाही. मग तिच्या बाजूला कूलरचा आवाज येत राहिला, माझ्या बाजूला हीटरचा, आणि फोन ठेवायचं दोघींनाही सुचलं नाही.