एक बटण उजवीकडे

आत्याबाईंसमोर चूक करायची सोय नव्हती. चूक झाली तर ती कुठल्या बोटाने केली, तेही त्या सांगायच्या.

अडतीस वर्षं त्यांनी टायपिंगचा क्लास चालवला. औषधाच्या दुकानावर दोन खोल्या, चौदा मशीन, भिंतीवर मोठं घड्याळ आणि बाईंच्या कानावर खोचलेली लाल पेन्सिल. मुलांनी कागद आणून दिला की त्या मजकूर वाचायच्याच नाहीत, नुसत्या चुका वाचायच्या. एकेका चुकीभोवती लाल गोल करायचा आणि वर न बघता म्हणायचं, "अनामिका भित्री आहे तुझी, शेजारणीच्या घरात घुसते. आणि करंगळी झोपा काढतेय." एकदा एका मुलीचा कागद बघून म्हणाल्या, "आज भांडून आलीस वाटतं. डावा हात शांत आहे, उजवा चिडलाय." ती मुलगी तिथेच रडायला लागली. आता याला काय म्हणायचं? लोक म्हणायचे, बाईंना सिद्धी आहे. बाई म्हणायच्या, "सिद्धी कसली डोंबलाची. बघायची सवय आहे, बस."

त्यांच्या क्लासचा एक नियम होता. चुकलेला कागद टाकायचा नाही, लाल गोलांसकट फायलीत लावायचा. महिनाअखेरीला सगळे कागद शेजारी शेजारी मांडून बसायचं. एका कागदावर जे नुसतं गचाळ दिसतं, ते दहा कागदांवर एकसारखं दिसलं की बोटाचं दुखणं कळतं, असा त्यांचा अनुभव. मुलं या नियमाला वैतागायची, पण बाईंपुढे बोलणार कोण?

त्यांचा सगळ्यात तेज विद्यार्थी म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, बाळ्या. तो बारा वर्षांचा असताना त्यांनी त्याची बोटं हातात धरून बटणांवर बसवली होती. पुढे तो कोर्टात टायपिस्ट झाला. साक्षीदार बोलायचा थांबला की याचा कागद तयार असायचा. मशीन जाऊन कॉम्प्युटर आले, अक्षरांची मांडणीच बदलली, तेव्हा बहीण पन्नाशीकडे झुकलेली आणि भाऊ चाळिशी ओलांडलेला. दोघांनी एका टेबलावर बसून नवी मांडणी पहिल्यापासून शिकून घेतली, आणि जो चुकेल त्याने भांडी घासायची अशी पैज लावली. भांडी बहुतेक वेळा बाईंनीच घासली. हे त्या कोणाला सांगत नसत.

त्या बाळ्याला चौसष्टाव्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. उजवी बाजू लुळी पडली, पुढे हात हलायला लागला, पण बोटांच्या टोकांना स्पर्श कळेना. नजरही फाटली, एकाची दोन दिसायची. मान तर अशी बेइमान झाली, की हो म्हणायचं असलं तरी नाहीच म्हणायची. आणि नेमकं त्याच आठवड्यात आत्याबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पाच आठवडे त्यांना जिना उतरायची बंदी होती. इकडे भाऊ असा आणि तिकडे आपण पाय उशीवर ठेवून बसलोय, याने त्यांचा जीव नुसता तुटायचा.

बातमी कळायची ती फोनवर, घरच्या ग्रुपमधून. ग्रुप चालवायची नात, म्हणजे बाळ्याच्या मुलीची मुलगी. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि दिवसभर फोनला चिकटलेली. तिने आजोबांना वाचता-बोलता येत नाही म्हणून त्यांच्या मांडीवर कीबोर्ड ठेवून पाहिला होता. चार दिवस आजोबा बडवत होते. पडद्यावर जे उमटलं त्याचा कोणाला अर्थ लागेना. मग एक शब्द वाचून पोरीला हसू फुटलं, तिच्या आईलाही फुटलं. त्या दिवसांत त्या घरात हसायला मिळत कुठे होतं? त्यांना दोष कसा द्यायचा. पाचव्या दिवशी आजोबांनी कीबोर्डवरून हात काढून घेतला तो घेतलाच.

पण शब्द उरले. नात ग्रुपवर लिहायची, "आज पेपर टगा गेला." मैत्रिणींमध्ये "इछेट आगे" तर इतकं चाललं, की तास बुडवला, बस चुकली, काहीही झालं तरी एकच उत्तर, इछेट आगे. आत्याबाई ते वाचून करवादायच्या. "ही काय भाषा आहे? चुका करतात ते करतात, वर मिरवतात." असले शब्द आजोबांच्या बोटांतून आलेत, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बाळ्याच्या ताईला वाईट वाटेल म्हणून सगळ्यांनी मिळून लपवलेलं.

सहाव्या आठवड्यात काठी टेकत त्या भावाच्या घरी पोचल्या. शनिवारची दुपार होती. बाळ्या खिडकीशी खुर्चीत होता, गळ्याला नॅपकिन, समोर दुधाचा कप, दुधावर साय. त्याने ताईकडे पाहिलं, म्हणजे ताईच्या आसपास कुठेतरी पाहिलं, आणि मान नाही नाही अशी हलवली.

"असंच करतात," भावजय म्हणाली. ती अर्धी झाली होती. "ओळख उरली नाही, वन्सं. डॉक्टर म्हणाले, बोलणं गेलं तरी माणूस लिहून सांगतो. यांच्या लिहिण्यात पण काही अर्थ नाही, तेव्हा समजच गेली असं धरून चाला."

भाची आतून एक छापील कागद घेऊन आली. तिचे डोळे सुजले होते. "आत्या, तू रागावशील. पण आईला उचलाउचल झेपत नाही. समज असती तर घरी ठेवून व्यायाम करून घेतले असते, बाबांनी साथ दिली असती. आता अंथरुणावरच्या माणसांना सांभाळणाऱ्या एका चांगल्या केंद्रात जागा मिळतेय. हा फॉर्म सोमवारी द्यायचाय."

भाची खोटं बोलत नव्हती. आत्याबाईंनी बाळ्याचा हात हातात घेतला. तो थंड होता, आणि त्यांनी बोटं दाबली तरी त्याला कळल्याचं दिसेना. आपल्याला यायला पाच आठवडे लागले आणि तेवढ्यात हा निघून गेला, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना हुंदका आवरला नाही.

नात शेजारी येऊन बसली. आत्याआजीला रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून ती भडाभडा बोलत सुटली, आणि त्यात जे लपवायचं होतं तेच बाहेर पडलं.

"आत्याआजी, तू त्या शब्दांवर चिडायचीस ना, ते आजोबांचे आहेत. आम्ही वाईट मनाने नाही घेतले. इंटरनेटवर असंच होतं. कोणाचं तरी बोट घसरतं, बघणारा हसतो, दुसरा तेच मुद्दाम लिहितो, आणि झाला शब्द. गेम खेळणाऱ्यांचा एक केवढा प्रसिद्ध शब्द आहे, इंग्रजीत, own म्हणजे समोरच्याला हरवलं. ओ लिहायचा तिथे घाईत पी पडला, कारण ओ आणि पी शेजारी शेजारी. आता जगभर लाखो लोक मुद्दाम पी लिहितात. एका बोटाची चूक, आणि तो कोण होता हे माहीत पण नाही कोणाला."

आत्याबाईंनी डोळे पुसले. "शेजारी शेजारी," त्या म्हणाल्या. एवढी वर्षं त्यांनी असल्या शेजारच्या चुकांना लाल गोल केले होते. त्यांतली एखादी कोणी उचलून धरली असती तर ती जगभर फिरली असती, हे काही त्यांना सुचलं नव्हतं. त्या क्षणभर चकित झाल्या. मग एकदम ताठ बसल्या.

"त्याने लिहिलेलं आहे कुठे?"

"माझ्याकडे सगळ्याचे फोटो आहेत."

"सगळे दाखव. एकेक नको, एकदम दाखव. आणि लाल पेन्सिल आण. नसली तर कुठलीही आण."

समोर कागद होता तो फॉर्मचा. बाईंनी तो उलटा केला. "आत्या, अगं तो," भाची म्हणेपर्यंत त्यांनी पाठच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली होती. टगा. जूझ नतो. चाई आसी ता. मी इछेट आगे. चार दिवसांचे बावीस फोटो, आणि सगळ्यांत तीच चार-पाच वाक्यं फिरून फिरून आलेली. गचाळ नव्हतं ते. एकसारखं होतं. ज्याची समज गेली, तो माणूस तीच चूक बावीस वेळा इतकी नेमकी कशी करेल?

त्यांनी टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवले, कीबोर्डवर ठेवतात तसे. त्या मांडणीत डावा हात काना-मात्रा लिहितो आणि उजवा हात बहुतेक व्यंजनं. त्या पुटपुटत एकेक शब्द बोटांनी वाजवू लागल्या. काना बरोबर. वेलांटी बरोबर. मात्रा बरोबर. डाव्या हाताची एक चूक नाही. चुकला तो फक्त उजवा. आणि टायपिस्टची बोटं आपली जागा डोळ्यांनी शोधत नाहीत. तर्जनीच्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो, तो बोटाला लागला की हात जागेवर बसतो. बाळ्याच्या बोटाला तो उंचवटा लागतच नव्हता. दुसरा कोणी असता तर खाली वाकून बटणं बघून टिपली असती. बाईंनीच त्याला शिकवलं होतं, मेलास तरी खाली बघायचं नाही.

त्यांनी आपला उजवा हात टेबलावर एक बटणभर डावीकडे सरकवला.

"ट च्या डावीकडे काय? च. ग च्या डावीकडे? ह." त्यांनी टगाभोवती लाल गोल केला आणि शेजारी लिहिलं, चहा.

नात कागदावर वाकली.

"जूझ नतो," बाई म्हणाल्या. "दूध नको. बाई गं, या माणसाला जन्मात दूध आवडलं नाही, आणि तुम्ही पाच आठवडे त्याला दूध पाजताय." मग पुढची ओळ त्यांनी मनातच सोडवली आणि त्यांना पेन्सिल खाली ठेवावी लागली. चाई आसी ता. ताई आली का.

भावजय कधीच आत पळाली होती. आतून भांडं पडल्याचा आवाज आला, मग गॅस पेटल्याचा. भाची कपाटावरून कीबोर्ड काढताना स्टुलावरून पडता पडता वाचली.

आत्याबाई भावाच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. गुडघा ठणकत होता, ठणको. बाराव्या वर्षी धरली होती तशीच त्याची तर्जनी धरून त्यांनी उंचवट्याच्या बटणावर बसवली, आणि मनगटाखाली आपला तळवा ठेवला. "इथे आहेस तू आता, बाळ्या," त्या म्हणाल्या. "लिही. मी हात सरकू देत नाही."

मग बोटं चालली. हळू, पण चालली. नातीने पडदा वाचला आणि आईकडे वळवला, तेव्हा तिच्या आईने मोठ्याने वाचलं.

"ताई उशीर केलास."

"हो रे," आत्याबाई म्हणाल्या. "चुकले." अडतीस वर्षांच्या क्लासात हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि तो माणूस मान नाही नाही अशी हलवत होता, जी त्याची हो होती.

चहा आला. त्याने अर्धा कप नॅपकिनवर सांडला आणि उरलेला शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. फॉर्मचं काय, हे कोणी विचारलं नाही. त्याच्या पाठीवर लाल गोल होते आणि पुढे कपाचा ओला डाग.

नात मात्र तो कागद हातात घेऊन बसली होती. शेवटच्या ओळीशेजारची जागा कोरीच होती.

"आत्याआजी, हे राहिलं. इछेट आगे. हे अकरा वेळा आहे. आमच्या अख्ख्या वर्गात चालतं हे."

"मला आलंय ते," बाई म्हणाल्या. "तू सोडव. काना-मात्रेला हात लावू नकोस. उजव्या हाताची तीनच अक्षरं आहेत. एकेक बटण डावीकडे."

पोरीने कीबोर्डवर बघून एकेक अक्षर लावलं. छ च्या डावीकडे थ. ट च्या डावीकडे च. ग च्या डावीकडे ह. तिने लिहिलं, आणि लिहिलेलं वाचून ती आजोबांच्या पायाशी जाऊन बसली. त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून ती कितीतरी वेळ उठली नाही. त्यांचा बधिर हात तिच्या केसांवर जाऊन पडला.

कागदावर लिहिलं होतं, मी इथेच आहे.

आठवड्याने आत्याबाई आपल्या घरी परतल्या. कीबोर्डच्या पुढे त्यांनी एक लाकडी पट्टी ठोकून घेतली होती, मनगट अडून राहावं म्हणून, पण तिच्यावरूनही हात कधीकधी घसरायचाच. त्या दिवशी व्यायाम शिकवणारा माणूस पहिल्यांदा यायचा होता आणि बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्यांनी ग्रुपवर विचारलं, बाळ्या, कसा आहेस, दमलास का? नातीने ते त्याला वाचून दाखवलं असणार, बऱ्याच वेळाने उत्तर आलं.

"मी इछेट आगे."

बाईंनी ते दोनदा वाचलं. सवयीने त्यांचा हात कानामागच्या पेन्सिलीकडे गेला, तो त्यांनी खाली घेतला. मग फोनवर खाली बघत, एकेक अक्षर शोधत, त्यांनी जाणूनबुजून तेच चुकीचं उत्तर परत लिहिलं आणि भावाला पाठवून दिलं.